मोकळ्या मैदानातील ताई ची : देहाची काळजी आणि चिकित्सेची दृष्टी

चीनमधील बहुतेक कोणत्याही शहराच्या उद्यानात पहाटे गेल्यास एक दृश्य हमखास दिसते. झाडांखालच्या मोकळ्या जागेत वीस-पंचवीस स्त्री-पुरुष ओळींनी उभे असतात. त्यांत उतारवयाची माणसे अधिक. पाण्यातून हात फिरवावेत तसे त्यांचे हात संथपणे फिरतात, गुडघे किंचित वाकतात आणि शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश सरकतो. कोणी शिट्टी वाजवीत नाही, कोणी कोणाशी स्पर्धा करीत नाही. पाच-सहा मिनिटांत एक क्रम पूर्ण होतो, क्षणभर सर्व जण स्तब्ध राहतात आणि पुन्हा आरंभ करतात. या व्यायामाला 'ताई ची' असे म्हणतात.

बौद्ध अध्ययनाला वाहिलेल्या नियतकालिकात या विषयाचा विचार कशासाठी, असा प्रश्न वाचक विचारू शकतील. आमच्या मते त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण आरोग्याचे आहे. चळवळीत आणि विहाराच्या कामात आयुष्य वेचलेली अनेक माणसे स्वतःच्या देहाकडे मात्र दुर्लक्ष करतात, आणि साठी ओलांडल्यावर गुडघे, कंबर व तोल यांच्या तक्रारींनी घरात अडकून पडतात. दुसरे कारण चिकित्सेचे आहे. ताई चीभोवती चमत्कारांच्या आणि गूढ शक्तींच्या कथांचे दाट जाळे विणले गेले आहे. त्यांपैकी एक कथा तर आपल्याच परंपरेला सुखावणारी आहे. उपयुक्त गोष्ट घ्यावी आणि तिच्या अंगावरील भ्रमाचे आवरण उतरवून घ्यावी, हे कसे साधते याचे ताई ची हे चांगले उदाहरण आहे. म्हणून प्रस्तुत लेखात तिचा उगम, तिची रीत, तिचे सिद्ध झालेले लाभ आणि तिच्या मर्यादा यांचा आम्ही क्रमाने विचार करणार आहोत.

नावाचा अर्थ

या व्यायामाचे पूर्ण नाव 'ताई ची छ्वान' असे आहे. 'ताई ची' म्हणजे परम टोक किंवा अंतिम सीमा. चिनी तत्त्वविचारात यिन आणि यांग, म्हणजे विश्रांती आणि गती, मृदू आणि कठोर, रिक्त आणि भरीव अशा जोड्या ज्या एका मूळ तत्त्वातून निघतात असे मानले आहे, त्या तत्त्वाला हे नाव आहे. 'छ्वान' म्हणजे मूठ, आणि त्यावरून मुष्टियुद्ध. अर्थात ताई ची ही मुळात युद्धकला होय. आज उद्यानात जे हात संथपणे फिरताना दिसतात, ते मूळच्या प्रहारांचे व बचावांचेच संथ रूप आहे.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. 'ताई ची'तील 'ची' म्हणजे शरीरात वाहणारी प्राणशक्ती, असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते. ते चूक आहे. प्राणवायू किंवा श्वासशक्ती या अर्थाचा चिनी शब्द वेगळा आहे, त्याचे लेखनचिन्ह वेगळे आहे आणि उच्चारही वेगळा आहे. परकीय लिपीत दोन्ही शब्द सारखे दिसू लागल्याने हा घोटाळा झाला. केवळ लिप्यंतरातून झालेल्या चुकीवर गूढ अर्थांचे मजले कसे चढतात, हे यावरून ध्यानात येईल.

दंतकथा आणि इतिहास

ताई चीच्या उगमाविषयी सर्वांत प्रसिद्ध कथा चांग सान-फेंग या ताओपंथी साधूची आहे. वूदांग पर्वतावर राहणाऱ्या या साधूने ही कला निर्माण केली, असे सांगितले जाते. दुसरी कथा शाओलिन विहाराची आहे. भारतातून गेलेल्या बोधिधर्मांनी तेथील भिक्खूंना व्यायाम आणि युद्धकला शिकविली व तीतूनच चीनमधील सर्व युद्धकला निघाल्या, असे ती कथा सांगते. ही दुसरी कथा आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. भारतातील एका बौद्ध आचार्याने साऱ्या पूर्व आशियाला देहबळ दिले, हा विचार कोणाही बौद्धाला सुखावणारा आहे.

परंतु एखादी गोष्ट आपल्याला सुखावते म्हणून ती सत्य ठरत नाही. परंपरेने चालत आली, ग्रंथात लिहिली आहे किंवा पूज्य व्यक्तीने सांगितली एवढ्यावरून काहीही मान्य करू नये, असे तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना सांगितले होते. ही कसोटी इतरांच्या पुराणांना लावायची आणि स्वतःच्या अभिमानकथांना सोडून द्यायचे, हे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बोधिधर्मांच्या नावावर असलेला स्नायू बळकट करण्याच्या व्यायामांचा चिनी ग्रंथ 'यी-जिन-जिंग' हा सतराव्या शतकातील आहे. प्राचीनत्वाचा आभास निर्माण करणारी त्याची प्रस्तावना बनावट आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. बोधिधर्म आणि तो ग्रंथ यांच्यामध्ये हजार वर्षांहून अधिक काळाचे अंतर आहे.

या दोन्ही कथांची परखड तपासणी तांग हाओ या चिनी संशोधकाने केली. ते व्यवसायाने वकील होते आणि स्वतः युद्धकलेचे अभ्यासकही होते. त्यांनी १९३० मध्ये शाओलिन आणि वूदांग येथील परंपरांची चिकित्सा करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बोधिधर्म व चांग सान-फेंग या दोघांच्याही नावावरील कथा नाकारल्या. पुढे ते हनान प्रांतातील वेन जिल्ह्यात असलेल्या चेनजियागोऊ या खेड्यात गेले आणि तेथील चेन कुळाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. मिंग राजवटीच्या अखेरीस होऊन गेलेला त्या कुळातील योद्धा चेन वांग-तिंग याच्यापर्यंत ही कला मागे नेता येते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ताई चीचा इतिहास सतराव्या शतकात या खेड्यातून सुरू होतो, हे मत आज बहुसंख्य अभ्यासकांना ग्राह्य वाटते.

याचा अर्थ चीनमध्ये त्यापूर्वी आरोग्यासाठी व्यायाम नव्हता असा नाही. चांगशा शहराजवळ मावांगदुई येथील एका थडग्यात १९७३ मध्ये रेशमी वस्त्रावरील एक चित्रपट सापडला. ते थडगे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेले होते. त्या चित्रपटावर व्यायाम करणाऱ्या ४४ आकृती आहेत. त्यांत स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, तरुण आहेत आणि वृद्धही आहेत. देह वाकवून, ताणून आणि श्वासावर लक्ष ठेवून आरोग्य राखण्याची ही जुनी रीत पुढे युद्धकलेशी जोडली गेली आणि त्या संयोगातून ताई ची घडली.

आणि बौद्धांचा खरा संबंध? तोही आहे, आणि तो सांगण्यास आम्हाला संकोच नाही. शाओलिन विहार पाचव्या शतकाच्या अखेरीस एका भारतीय भिक्खूसाठी उभारला गेला, अशी चिनी नोंद आहे. त्या भिक्खूचे नाव तीत बा-तुओ असे दिले आहे. चेन शैलीतील एका हालचालीचे नाव तर वज्रधारी द्वारपालाने उखळात मुसळ मारणे असे आहे, आणि हा द्वारपाल बौद्ध विहारांच्या दारात उभा असणारा रक्षक होय. बौद्ध संस्कृती चिनी लोकजीवनात किती खोल मुरली होती, हे यावरून दिसते. एवढे सत्य पुरेसे आहे, त्याला कल्पित कथेची जोड देण्याची आवश्यकता नाही.

कुळाच्या अंगणातून सार्वजनिक उद्यानात

चेन कुळाने ही कला दीर्घकाळ आपल्या खेड्यापुरती राखली होती. एकोणिसाव्या शतकात यांग लू-चान (१७९९–१८७२) या बाहेरच्या माणसाने ती आत्मसात केली. हबेई प्रांतातील योंगनियान येथील हा सामान्य स्थितीतील माणूस चेन कुळातील चेन छांग-शिंग यांच्याकडे शिकला. त्याने भिंतीआडून चोरून पाहून विद्या मिळविली, अशी एक लोकप्रिय कथा आहे. तिला पुरावा नाही. तथापि कुळाबाहेरचा माणूस ती विद्या शिकला आणि गुरूने ती त्याला दिली, एवढे निश्चित आहे. एकलव्याची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या घटनेचे मोल वेगळे सांगावयास नको. येथे कोणी अंगठा मागितला नाही, आणि म्हणूनच ती विद्या जगभर पसरली.

यांग लू-चान पुढे बीजिंगमध्ये शिकवू लागले, पण त्यांचे शिष्य मुख्यतः सरदार-उमरावांच्या वर्गातील होते. सामान्य नागरिकांसाठी दार उघडले ते विसाव्या शतकात. बीजिंगमध्ये १९१२ साली स्थापन झालेल्या व्यायाम-संशोधन संस्थेत त्यांचे नातू यांग छंग-फू (१८८३–१९३६) यांनी शिकविण्यास आरंभ केला. उड्या, झटके आणि स्फोटक प्रहार कमी करून त्यांनी संथ, एकसारख्या गतीची शैली रूढ केली. आज जगात सर्वाधिक प्रचार याच शैलीचा आहे. तिच्याच आधारे १९५६ मध्ये चीनच्या शासकीय क्रीडा आयोगाने २४ हालचालींचा संक्षिप्त क्रम तयार केला. मूळचा लांबलचक क्रम शिकावयास वर्षे लागत, हा नवा क्रम मात्र कामगार, शिक्षक आणि गृहिणी यांना काही महिन्यांत आत्मसात होऊ लागला. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

जी गोष्ट विद्येची, तीच जागेची. बीजिंगमधील स्वर्गमंदिराचा विस्तीर्ण परिसर १४२० मध्ये बांधून पूर्ण झाला. तेथे सम्राट स्वर्गाला बळी अर्पण करीत असे, आणि सामान्य प्रजेला तेथे पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. राजेशाही गेल्यानंतर १९१८ मध्ये तो परिसर सार्वजनिक उद्यान म्हणून खुला झाला. आज त्याच सायप्रस वृक्षांखाली निवृत्त कामगार ताई ची करतात. शांघायमध्ये नदीकाठी १८६८ साली परकीय वसाहतीच्या नगरपालिकेने उद्यान उघडले. त्यात परकीयांच्या नोकरांखेरीज इतर चिनी माणसांना त्यांच्याच देशात अनेक दशके प्रवेश नव्हता. ती बंदी १९२८ मध्ये उठली. महाडच्या चवदार तळ्यावर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये सत्याग्रह केला, त्यानंतरचे हे वर्ष होय. दोन्ही देशांची परिस्थिती वेगळी होती आणि वंशभेदाला जातिभेद म्हणणे चुकीचे ठरेल. तरीही सार्वजनिक पाणी असो वा सार्वजनिक जमीन, तीवर सर्वांचा समान अधिकार असतो, हे तत्त्व एकच आहे. उद्यानात मोकळेपणाने उभे राहून हात पसरण्यालाही एक सामाजिक इतिहास असतो, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

क्रिया कशी घडते

ताई चीच्या हालचालींना चित्रमय नावे आहेत. 'जंगली घोड्याची आयाळ विंचरणे', 'पांढरा करकोचा पंख पसरतो', 'समुद्रतळाची सुई', 'ढगांसारखे हात' ही त्यांतील काही होत. नावे काव्यमय असली तरी त्यामागील तत्त्वे साधी आणि शरीरशास्त्राला धरून आहेत.

पहिले तत्त्व ताठ कण्याचे आहे. मस्तकाच्या वरच्या टोकाला दोरा बांधून कोणी हलकेच वर धरले आहे, अशा रीतीने मान व पाठ सरळ ठेवावी. छाती फुगवू नये, खांदे खाली सैल सोडावेत. दुसरे तत्त्व भरीव आणि रिक्त पायाचे आहे. शरीराचा भार ज्या पायावर असेल तो भरीव, आणि दुसरा रिक्त. भार पूर्णपणे सरकल्याशिवाय रिक्त झालेला पाय उचलू नये. तिसरे तत्त्व कमरेचे आहे. हात स्वतंत्रपणे हलत नाहीत, कंबर वळते आणि हात तिच्यामागून येतात. चौथे तत्त्व अखंडतेचे आहे. एक हालचाल संपून दुसरी केव्हा सुरू झाली हे कळू नये, इतकी गती एकसारखी असावी. श्वास नाकाने व स्वाभाविक घ्यावा, तो रोखून धरू नये.

'ढगांसारखे हात' ही हालचाल उदाहरणादाखल घेऊ. दोन्ही पाय खांद्यांइतक्या अंतरावर समांतर ठेवून गुडघे किंचित वाकवावेत. शरीराचा भार डाव्या पायावर नेत कंबर डावीकडे वळवावी. त्याच वेळी डावा हात चेहऱ्याच्या उंचीवरून आणि उजवा हात पोटाच्या उंचीवरून डावीकडे जाईल. मग हातांची उंची अदलाबदल करीत भार उजवीकडे न्यावा. नजर वरच्या हातामागून जावी. भार सरकतो, कंबर वळते, हात येतात, हा क्रम न मोडता ही हालचाल सहा-सात वेळा केली की मांड्यांना श्रम जाणवू लागतात. संथ गती दिसावयास सोपी असली तरी करावयास सोपी नसते, याचा प्रत्यय तेव्हा येतो.

बुद्धवचनातील देहविचार

ताई ची हा धम्माचा भाग नाही. तिची परिभाषा चिनी तत्त्वविचारातून आलेली आहे, आणि ती ध्यानभावनेची जागाही घेऊ शकत नाही. हे स्पष्ट करून आम्ही असे म्हणू इच्छितो की देहाकडे पाहण्याची जी दृष्टी तीत आहे, ती बौद्धांना अपरिचित नाही.

सिद्धार्थ गौतमांनी देहदंडाचा मार्ग स्वतः अनुभवून सोडून दिला. धम्मपदात आरोग्याला श्रेष्ठ लाभ मानले आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात वैद्य जीवकाची एक महत्त्वाची हकीकत आहे. वेसालीत भिक्खूंना उत्तमोत्तम भोजने मिळू लागली, त्यांची शरीरे स्थूल झाली आणि आजार वाढले. ते पाहून जीवकाने चंक्रमणाची, म्हणजे चालण्याच्या व्यायामाची, आणि वाफेच्या स्नानगृहाची परवानगी द्यावी, अशी तथागतांना विनंती केली. ती मान्य झाली. आजाराला मंत्र किंवा यज्ञ हा उपाय सांगितला गेला नाही. वैद्याने कारण पाहिले, व्यायाम सुचविला आणि संघाने तो स्वीकारला. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. माणूस प्रवासाला समर्थ होतो, साधनेच्या श्रमांना समर्थ होतो, निरोगी राहतो, खाल्लेले अन्न नीट पचते आणि चालताना मिळविलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पाचांपैकी तीन लाभ तर सरळ देहाशी निगडित आहेत.

सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे या चारही अवस्थांत सजग राहावयास सांगितले आहे. पुढे जाताना, मागे फिरताना, हातपाय आखडताना आणि पसरताना आपण काय करीत आहोत याचे स्पष्ट भान असावे, असाही उपदेश तेथे आहे. ताई ची करणारा साधक नेमके हेच करतो, फक्त गती इतकी मंद करतो की भान सुटले तर तोल लगेच जातो. ज्यांना आसनावर बसून मन स्थिर करणे कठीण वाटते, त्यांना हा सराव सजगतेच्या अभ्यासास साहाय्यक ठरू शकेल.

अतिरेकाविरुद्धची सूचनाही आपल्याकडे आहे. सोण कोळिविस या भिक्खूने पायांतून रक्त येईपर्यंत चंक्रमण केले, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर वीणा वाजत नाही. ताई चीचे जाणते शिक्षकही सामर्थ्याच्या मर्यादेपर्यंत न जाता तीन-चतुर्थांशावर थांबावे असे सांगतात.

संशोधन काय सांगते

आता कसोटीचा प्रश्न. ताई चीने खरोखर लाभ होतो काय? वृद्धांच्या तोलाविषयीचे पुरावे सर्वांत भक्कम आहेत. अमेरिकेतील अटलांटा येथे सत्तर वर्षांवरील २०० व्यक्तींवर प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. पंधरा आठवड्यांच्या ताई ची सरावाने वारंवार पडण्याचा धोका सुमारे ४७ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात आढळले. पडण्याचा धोका अधिक असलेल्या ६७० वृद्धांचा दुसरा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत ताई ची करणाऱ्यांचे पडणे त्यात ५८ टक्क्यांनी कमी होते. कंपवाताच्या १९५ रुग्णांच्या २०१२ मधील अभ्यासात ताई ची करणाऱ्यांचा तोल इतरांपेक्षा सुधारलेला आढळला. गुडघ्यांची झीज झालेल्या २०४ रुग्णांच्या २०१६ मधील अभ्यासात बारा आठवड्यांच्या ताई चीचा परिणाम फिजिओथेरपीच्या बरोबरीचा ठरला.

तथापि पुरावा तोलूनच घ्यावा. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. ताई चीने पडण्याचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी होऊ शकते, मात्र या पुराव्याची निश्चितता कमी प्रतीची आहे, असे त्यात म्हटले आहे. तोल राखण्याच्या इतर साध्या व्यायामांनीही असाच लाभ होतो, आणि त्याविषयीचा पुरावा अधिक भक्कम आहे. तेव्हा ताई ची हा एकमेव मार्ग नव्हे, अनेक चांगल्या मार्गांपैकी एक आहे. तिने मधुमेह नाहीसा होतो, कर्करोग बरा होतो किंवा औषधे सोडता येतात, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. स्पर्श न करता प्रतिस्पर्ध्याला फेकून देणारी शक्ती प्राप्त होते, असे दावे तर निखालस भोंदूगिरी होत.

लाभ कशाने होतो हे समजले की गूढाची गरजच उरत नाही. गुडघे वाकवून एका पायावर सावकाश भार घेतल्याने मांड्यांचे व घोट्यांचे स्नायू बळकट होतात. पाऊल कोठे आहे, भार किती आहे, याची जाण तीव्र होते. सावकाश हलताना मेंदूला तोल सावरण्याचा सराव होतो. पडण्याची भीती कमी झाली की माणूस पुन्हा घराबाहेर पडू लागतो, आणि त्या हिंडण्याफिरण्यानेही प्रकृती सुधारते.

मोकळी जागा : लाभ आणि पथ्ये

ताई चीला साधने लागत नाहीत, विशेष पोशाख लागत नाही, शुल्क भरावे लागत नाही. चार पावले टाकता येतील एवढी सपाट जागा पुरते. उघड्यावर सराव केल्याने सकाळचा प्रकाश मिळतो आणि झोपेचे चक्र नियमित राहण्यास मदत होते. त्याहून मोठा लाभ सोबतीचा आहे. एकट्याने घरात सुरू केलेला व्यायाम आठवडाभरात सुटतो. शेजारी उभा असलेला माणूस वाट पाहत असेल तर पाय आपोआप मैदानाकडे वळतात. एकटेपणाने खचलेल्या वृद्धांना हा लाभ औषधाइतकाच मोलाचा आहे.

काही पथ्ये मात्र अवश्य पाळावीत. जमीन सपाट व कोरडी असावी. पावसाळ्यातील शेवाळलेली फरशी किंवा दगडगोटे असलेले मैदान वृद्धांना धोक्याचे आहे. पादत्राणे सपाट तळव्याची असावीत. हिवाळ्यात शहरांतील धूर पहाटे जमिनीलगत साचून राहतो, म्हणून दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ऊन वर आल्यावर सराव करावा. उन्हाळ्यात याउलट ऊन चढण्यापूर्वी थांबावे. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नये आणि तो बोटांच्याच दिशेने वाकवावा. चुकीच्या रीतीने वळलेला गुडघा हे नवशिक्यांच्या दुखण्याचे नेहमीचे कारण असते. चक्कर येणे, हाडे ठिसूळ असणे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असणे, अशा स्थितीत वैद्यांचा सल्ला आधी घ्यावा. तोल फारच अस्थिर असेल तर खुर्चीचा आधार घेऊन सराव करण्यात कमीपणा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम सुचविला आहे. पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि बळ वाढविणारे व्यायाम करावेत, असेही तिने सांगितले आहे. दररोज वीस-पंचवीस मिनिटांचा सामूहिक सराव या दृष्टीने चांगला आरंभ ठरेल. जाणता शिक्षक मिळाला तर उत्तम, न मिळाल्यास दोन-तीन सोप्या हालचालींपासून सुरुवात करावी. शिक्षकाने गुप्त विद्येचे, दीक्षेचे किंवा मोठ्या शुल्काचे जाळे पसरले, तर त्याच्यापासून दूर राहावे.

समारोप

बाबासाहेबांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी ग्रासले होते. त्या वेदना सोशीत त्यांनी आपले लेखन चालूच ठेवले. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या त्यागाचे स्मरण करताना, देहाची हेळसांड म्हणजेच त्याग असा विपरीत अर्थ आपण काढू नये. काम दीर्घकाळ करावयाचे असेल तर ते करणारे शरीरही टिकले पाहिजे.

ताई चीचा इतिहास आपल्याला दोन गोष्टी शिकवितो. कुळात कोंडलेली विद्या खुली झाली तेव्हाच तिचा उपयोग लोकांना झाला, ही पहिली. दंतकथांचा थर काढून टाकल्यावरही तिचे मोल कमी झाले नाही, उलट ते मोजता येऊ लागले, ही दुसरी. ज्या विहारांना अंगण आहे आणि ज्या वस्त्यांजवळ सार्वजनिक मैदान आहे, तेथील उपासक-उपासिकांनी सकाळी अर्धा तास एकत्र यावे. ताई ची करावी, चंक्रमण करावे किंवा दोन्ही करावे. तीन महिने नियमाने सराव करून आपला तोल, आपली झोप आणि आपले चालणे स्वतःच पारखावे. लाभ दिसला तर पुढे चालू ठेवावे, न दिसल्यास दुसरा व्यायाम निवडावा. येऊन पाहा, असे म्हणणाऱ्या धम्माच्या अनुयायांना हीच रीत शोभते.